नंबर दिला तेव्हा फाटक उघडं होतं

घराबाहेर पडले की मी तीनदा परत येते. एकदा गॅससाठी, एकदा कुलपासाठी, आणि तिसऱ्यांदा कशासाठी ते परत आल्यावरच कळतं. नागपुरात हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत हा रोजचा तमाशा आहे. समोरच्या घरातली सूनबाई गॅलरीतून ओरडते, "काकू, लागलं आहे कुलूप, मी पाहिलं ना!" पोरगी चांगली आहे, पण तिच्या पाहण्यावर माझा भरवसा नाही. दुसऱ्या कोणी "लागलं" म्हटलेलं मला पुरत नाही. कुलपाला हात लावून, ओढून, हिसका देऊन पाहावं लागतं.

वाडीच्या एका गोदामात मी तीस वर्षं नोकरी केली. काम टेबलावरचं, माल कुठून आला आणि कुठे जाणार ते लिहिण्याचं. पण ट्रक बाहेर पडायच्या आधी त्याचा मागचा फाळका लागला की नाही हे पाहायला मी स्वतः उठून जायची. ड्रायव्हर हसायचे. एक तर म्हणायचा, "मॅडम, आपकी शादी फाळकेसे हुई है क्या?" मी त्याला म्हणायची, तू गप बस आणि कडी नीट घाल. निवृत्तीच्या दिवशी निरोपाच्या भाषणांत सगळ्यांनी हाच विनोद केला. मीही हसले. का उठते हे मात्र कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. तो गेला तेव्हाही त्याला वाटत होतं की बायको जरा वहमी, संशयी आहे.

आता सांगते आहे. कारण गेल्या हिवाळ्यात माझ्या गावच्या वाचनालयाच्या सचिवांचा फोन आला.

आमचं गाव कुहीच्या बाजूला, धानाच्या पट्ट्यात. गाव म्हणा, लहान शहर म्हणा. बाजार भरतो, दोन शाळा आहेत, वाचनालय आहे आणि वाचनालयात राजकारण आहे. गावाजवळून छोटी लाईन जायची. ती बंद झाली, रूळ उपटले, आता त्या जागी मोठी लाईन होते आहे. नवी गाडी येईल तेव्हा वाचनालय एक स्मरणिका काढणार, असं ठरलं. सचिव म्हणजे निवृत्त मास्तर, प्रत्येक कामासाठी दुसरा कोणी शोधणारे. म्हणाले, "तुम्ही फाटकावर वाढलेल्या. आपल्या लाईनवरच्या अपघातांचा इतिहास तुमच्याशिवाय कोण लिहिणार? मी मुद्दे पाठवतो, तुम्ही फक्त रंग भरा."

मुद्दे मोबाईलवर आले. मी सोफ्यावर बसून वाचू लागले आणि शेवटच्या मुद्द्यापाशी उठून उभी राहिले. तिथे लिहिलं होतं: "बंडीवाल्याने घाईत स्वतः फाटक उघडल्याने अपघात. एक बैल ठार, बंडीवाल्याचा पाय गेला. गेटमनचा दोष नाही."

बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. गेटमन माझे वडील. आणि हे वाक्य खोटं आहे. फाटक बंद झाल्याचा नंबर त्या दिवशी मी दिला होता, आणि नंबर दिला तेव्हा फाटक उघडं होतं.

आधी बाकीचे अपघात मी झपाट्यानं लिहून काढले. एखादं काम टाळायचं असलं की मी दुसरं काम फार सुंदर करते. गावातल्या म्हाताऱ्यांना फोन केले, दोन रविवार जाऊन आले, वही भरली.

आमच्या गावाला आपल्या अपघातांचा अभिमान आहे. इतर गावांत पूर आणि दुष्काळावरून वय काढतात, आमच्याकडे गाडीच्या घसरण्यावरून. "इंजिन शेतात गेलं त्या सालचा जन्म आहे याचा," असं सांगून शाळेत नाव घातलेली माणसं आजही आहेत. मोठे अपघात असे कमीच. छोट्या लाईनची गाडीच मुळी जीव मुठीत धरून चालायची. एकदा पुलाच्या अलीकडे दोन डबे घसरले तर पॅसेंजरांनी उतरून स्टोव्ह पेटवला, चहा केला, आणि नागपूरहून माणसं येईपर्यंत एका मुलीचं लग्नही ठरवलं. एकदा विटांनी भरलेली वाघीण, म्हणजे मालाचा डबा, बाजूच्या रुळावरून आपोआप सुटली आणि पुढच्या गावापर्यंत एकटीच चालत गेली. कुणाला खरचटलंही नाही. तिथल्या लोकांनी तिला हार घातला म्हणतात. हार घातला हे मला पाच जणांनी सांगितलं आणि पाचही जण म्हणाले की मी तिथंच होतो. एक म्हैस मेली, तिचा मालक इंजिनासमोर आडवा झाला आणि गाडी दोन तास थांबली. एक तरुण पोरगा सायकलसकट गेला. त्याच्याबद्दल बोलताना मात्र सगळे आवाज खाली आणत.

हे सगळं लिहून झालं. सात पानं. मग एकच मुद्दा उरला आणि माझं घरात बसणं मुश्कील झालं. मी भांडी दोनदा घासली. पंख्यांवरची जळमटं काढली. डॉक्टरकडे आईला घेऊन गेले तर तिथे टोकन नंबर पुकारत होते, आणि प्रत्येक नंबरला मी दचकत होते. आई म्हणाली, "काय झालं वं तुले? विंचू चावला का?"

नंबराचं सांगायला हवं. फाटकाशेजारी रेल्वेची दोन खोल्यांची जागा होती, तिथे आम्ही राहायचो. समोर एक गुमटी, म्हणजे गेटमनची छोटी खोली, तिच्यात फोन. गाडी स्टेशनात आली की स्टेशनमास्तर फोन करायचा, फाटक लाव म्हणून. गेटमननं फाटक लावायचं, कडी घालायची, आणि परत फोनवर येऊन एक नंबर सांगायचा. हे नंबर छापील कागदावर असत, कशाही क्रमानं, एकदा सांगितला की निळ्या पेन्सिलीनं खोडायचा. मास्तर तो नंबर आपल्या वहीत उतरवून घ्यायचा आणि मगच गाडी सोडायचा. नंबर म्हणजे शब्द दिल्यासारखं होतं. फाटक लागलं, आता गाडी येऊ दे, असा तो शब्द.

नियमानं हे काम फक्त वडिलांचं. पण फाटकं दोन होती, रुळांच्या दोन्ही बाजूंना. घराकडचं अलीकडचं आणि नाल्याकडचं पलीकडचं. अलीकडचं लावायचं, रूळ ओलांडून पलीकडचं लावायचं, मग परत गुमटीत येऊन फोन घ्यायचा. तोवर मास्तर फोनवर "अरे काय झालं, अरे बोल ना" करत राहायचा. म्हणून आमच्या घरात एक सोय झाली होती. फोनवर मी बसायची. वडील फाटकाकडे जायचे आणि मी खिडकीतून बघून नंबर सांगायची. मी तेव्हा अकरावी पास होऊन घरी होते, आवाज खणखणीत होता, आकडे स्पष्ट बोलायची. मास्तरलाही ते आवडायचं. मला तर फारच आवडायचं. एवढी मोठी गाडी माझ्या एका आकड्यावर हलते, हे त्या वयात डोक्यात जातं.

हळूहळू सोयीतून आणखी एक सोय निघाली. अलीकडचं फाटक लागलं की मी नंबर सांगून टाकायची. पलीकडचं लागायला मिनिटभरही लागत नसे, आणि गाडीला स्टेशनातून हलून वळणावर यायला दोन-तीन मिनिटं. वडिलांना माहीत होतं. त्यांनीच एकदा म्हटलं होतं, "एक लागलं का सांगून टाकत जा, मास्तर कटकट करते." वर्षभर असंच चाललं आणि काही झालं नाही, त्यामुळे ती चूक आहे असं आम्हाला वाटेनासं झालं होतं.

ती दुपार ढगाळ होती. फोन आला, वडील गेले, अलीकडचं फाटक लावून कडी घातली. मी नंबर सांगितला. सदुसष्ट. पेन्सिलीनं खोडला. वर बघते तर वडील रुळांच्या अलीकडेच वाकून उभे. पायात काटा गेला होता. चप्पल काढून ते काटा उपसत होते. आणि पलीकडून, उघड्या फाटकातून, तणसानं, धानाच्या पेंढ्यानं भरलेली बंडी आत येत होती.

बंडीवाला वर बसलेला. आभाळ आलेलं, तणस भिजेल म्हणून बैल हाकलत आलेला. दोन्ही हातांत कासरा. त्याला वाटलं असेल, गेटमन उभा आहे, फाटक उघडं आहे, म्हणजे जायला हरकत नाही. पुढचं फाटक बंद आहे हे त्याला रुळावर आल्यावर दिसलं. वडील ओरडले, उलटे धावले, अलीकडची कडी काढायला लागले. ती कडी कधी अडत नसे, त्या दिवशी अडली. वळणावर शिटी वाजली. माझ्या हातात फोन होता आणि मी त्यात काहीच बोलले नाही. थांबवा म्हणायला तोंड उघडलं असेल, पण आवाज आला नाही. आकडे सांगताना एवढा खणखणीत असणारा आवाज.

ड्रायव्हरनं ब्रेक लावले होते. छोटी गाडी, वेगही फार नव्हता. तरी डावा बैल जागच्या जागी मेला आणि बंडीवाल्याचा उजवा पाय गुडघ्यासकट चिरडला. तणस सगळीकडे उडालं होतं. पॅसेंजर उतरून ते त्याच्या अंगाखाली घालत होते.

संध्याकाळी वडील घरी आले. चूल पेटली नव्हती. त्यांनी मला समोर बसवलं आणि अगदी हळू बोलले. "नंबर मी देल्ला. तू फोनजवळ नव्हतीच. समजलं?" मी मान हलवली. "अन् दोन्ही फाटकं लागली होती. मंग मी नंबर देल्ला. त्यानं पलीकडचं उघडलं असन." आई भिंतीला टेकून ऐकत होती.

चौकशी झाली. मास्तरनंही सांगितलं की नंबर गेटमनच्याच आवाजात आला, कारण पोरीकडून नंबर घेत होतो असं तो कसं सांगणार? आम्ही तिघांनी मिळून एक गोष्ट उभी केली आणि ती छान उभी राहिली. बंडीवाल्यानं दवाखान्यातून सांगून पाहिलं की फाटक उघडं होतं. पण त्याच्या बाजूनं बोलायला मेलेला बैल सोडून कोणी नव्हतं. साहेबांनी लिहिलं, बंडीवाल्यानं फाटक उघडलं. आणि मग गावानंही तेच म्हणायला सुरुवात केली. त्याला कुणी रोजानं बंडी हाकायला बोलावेना. "त्याले घाई असते," लोक म्हणत. लंगडा म्हणून नाही, घाईचा म्हणून त्याचं काम सुटलं.

माझे वडील दुष्ट नव्हते. हे मी त्यांची मुलगी म्हणून म्हणत नाही, तसं असतं तर मला सोपं गेलं असतं. बंडीवाला दवाखान्यात असेपर्यंत रोज सकाळी ते त्याच्यासाठी डबा घेऊन जात. त्याला कुबडी त्यांनीच बनवून घेतली. पुढे त्यांनी बदली मागून घेतली आणि आम्ही गाव सोडलं. मरेपर्यंत त्यांनी त्या दिवसाचा उच्चार केला नाही आणि मीही केला नाही. एका घरात राहून आम्ही दोघं तो विषय असा टाळायचो, जसं अंगणातल्या उघड्या विहिरीला वळसा घालून जावं.

म्हणून तो मुद्दा मोबाईलवर वाचला तेव्हा मी उठून उभी राहिले होते. आजवर ते तोंडी होतं. आता छापून येणार, माझ्या लेखात, मी रंग भरणार.

आईला सांगितलं. आई ब्याऐंशीची, माझ्याजवळच असते, कान अजून तिखट आहेत.

"मी खरं लिहिणार आहे," मी म्हटलं.

तिनं निवडत असलेली मेथी खाली ठेवली. "काहून खोदून राहिली वं तू ते? माणूस मरून गेला. त्याच्या फोटोले रोज फूल घालतो आपण. आता त्याले खोटारडा म्हणशीन?"

"त्या काकांचा पाय गेला, आई."

"मले माहीत नाही का? डबा कोण करे त्याचा? मीच करो ना! एक दिवस चुकवला नाही." तिचा आवाज फाटला. "तुह्यासाठी बोलला तुहा बाप खोटं. नोकरीसाठी नाही, तुह्यासाठी. पोरीचं नाव येईन, लग्न होणार नाही म्हून. अन् तूच आता त्याची फजिती करून राहिली!"

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. इतकी वर्षं मला वाटायचं की वडील स्वतःसाठी खोटं बोलले आणि त्यात मी झाकली गेले. उलटंच होतं. मला आईचा राग आला, वडिलांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. मला कुणी विचारलं होतं का, की मला यातून सुटायचं आहे म्हणून? पण हेही खोटंच. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. अठराव्या वर्षी मी धावत हो म्हटलं असतं.

दोन दिवस आई माझ्याशी बोलली नाही. मी कागद घेऊन बसायची, "त्या दिवशी" एवढं लिहायची आणि उठायची. मग लक्षात आलं की आधी लिहायचं नाहीच. आधी जाऊन सांगायचं. छापील कागद त्या माणसाच्या हातात जायच्या आधी माझं तोंड त्याच्यासमोर जायला हवं.

दोनदा निघाले आणि बस स्टँडवरून परत आले. तिसऱ्यांदा निघताना आई दारात आली. वाटलं, अडवणार. तिनं पिशवीत लाह्यांच्या लाडवांचा डबा ठेवला. "त्याले आवडत होते," म्हणाली. "दवाखान्यात पाठवत होती मी." आणि आत निघून गेली. मी त्या दिवशी एकदाही वळून परत आले नाही.

फाटकाची जागा ओळखू आली नाही. तिथे आता नव्या लाईनखालून रस्ता नेला आहे, भुयारासारखा, तळाशी हिरवं पाणी साचलेलं. गुमटी नाही, घर नाही. एक माणूस पाण्यातून मोटारसायकल ढकलत होता, आणि त्याला कुठे थांबायचं हे सांगणारं कोणी नव्हतं.

बंडीवाल्याचं घर मात्र तिथेच होतं, नाल्यापलीकडे. म्हातारा अंगणात खाटेवर बसला होता, लुगडं नेसलेली म्हातारी वाळत घातलेल्या धानावरून कोंबड्या हाकत होती. मी कोणाची मुलगी ते सांगितलं. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"गेटमनची पोरगी! ये वं बाई, बस. अगा, पाणी आन." पुरुषांना हाक मारायचा गा तो घाईत बायकोलाच लावत होता. "तुहे बाबा म्हणजे देवमाणूस. दवाखान्यात रोज डबा आणून देत मले. सख्खा भाऊ नाही आला, पण ते येत."

मी डबा पुढे केला. आणि बसायच्या आधीच, उभ्या-उभ्याच, सगळं बोलून टाकलं. फोन, नंबर, एक फाटक लागलेलं, एक उघडं. वडिलांनी खोटं सांगितलं तेही. घरून वाक्यं जुळवून आणली होती, त्यातलं एकही नीट आलं नाही.

म्हातारा ऐकत राहिला. मग त्यानं हळूच मान हलवली. नाही अशी.

"नाही वं बाई. फाटक मीच उघडलं."

"काका, नाही—"

"अवं, पयले मी बी म्हणे का उघडं होतं. भल्ला भांडलो सगळ्यांसंग. मंग विचार केला, हा माणूस रोज मले डबा आणून राहिला, हा खोटं बोलन काहून? खोटं बोलणारा माणूस तोंड दाखवन का?" तो समजावून सांगत होता, मला, प्रेमानं. "मंग आठवाले लागलं मले. मी उतरलो, कडी काढली. आता तं ती कडी हाताले लागते माह्या. थंडगार. घाई केली मी, बाई. तणस भिजन म्हून."

म्हातारी धान पसरवत होती, वर न बघता म्हणाली, "घाईचाच आहे तो. मी तं पयल्या दिवसापासून सांगून राहिली. पाय गेला, जोडी गेली, पण सवय नाही गेली."

खरं सांगते, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. तोच म्हणतो आहे की त्यानं उघडलं. मी सांगायचं ते सांगितलं होतं. लाडू ठेवावेत, चहा प्यावा, चारची बस पकडावी आणि घरी जाऊन सचिवांचं वाक्य जसंच्या तसं उतरवावं. कुणी मला दोष देणार नव्हतं. उठायला मी पदरही सावरला.

आणि मला त्याचे हात दिसले. तो बोलत होता तेव्हा उजवा हात हवेत कडी काढत होता. कधीच न काढलेली कडी तो इतकी वर्षं काढत बसला होता. ती आम्ही त्याच्या हातात ठेवली होती. चौकशीतल्या खोट्यानं निम्मी, आणि माझ्या आईच्या डब्यांनी उरलेली निम्मी.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही उतरलेच नाही बंडीवरून. तुमच्या हातात कासरा होता. दोन्ही हातांत."

त्याचा हात हवेत थांबला.

"तुले कसं माहीत?"

"मी पाहून राहिली होती खिडकीतून. फाटक उघडंच होतं. तुम्ही बसूनच आत आले, दोन्ही हातांनी कासरा धरून. कडी काढाले हात कुठं होता रिकामा?"

म्हातारी उठून जवळ आली होती. तिच्या हाताला धानाचं कुसळ चिकटलं होतं. "अजून एकदा सांग," ती म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. ती धपकन जमिनीवर बसली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. "अन् मी तुले..." एवढंच म्हणाली.

म्हाताऱ्यानं दोन्ही मुठी हळूहळू समोर धरल्या, बंडी हाकताना धरतात तशा. जरा खाली, गुडघ्यांच्या वर. एक गुडघा होता, एक नव्हता. तो बराच वेळ त्या मुठींकडे बघत होता. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि तो प्रेमळ चेहरा आता राहिला नव्हता.

"मंग तवा काहून नाही सांगितलं?"

माझ्याकडे कारणं होती. वडिलांची नोकरी, माझं लग्न, अठरा वर्षांचं वय. सगळी खरी होती आणि त्या अंगणात एकही बोलण्यासारखं नव्हतं.

"भ्याली होती," मी म्हटलं.

मी रडत होते, पण त्यानं मला रडू नको म्हटलं नाही आणि ते बरोबरच होतं. कोंबड्या धानात शिरल्या होत्या, त्यांना कोणी हाकत नव्हतं. बस निघून गेली असणार. मी विचारलं, हे पुस्तकात छापून येणार आहे, मी सगळं खरं लिहिणार आहे, चालेल का? त्याला कळायला वेळ लागला. मग म्हणाला, "काय काय लिहिशीन?"

मी सांगू लागले. नंबराचं, फाटकाचं, बैलाचं, पायाचं.

"पायाचं राहू दे," तो म्हणाला. मुठी अजून तशाच धरलेल्या होत्या. "पाय तं सगळ्यांले दिसते. हाताचं लिहिजो."